पेरूला घर शोधताना

घरात कुत्रं असलं की सोफ्यावर केस साठतात, आणि कुत्र्यांना घरं शोधून देत असलं की किस्से साठतात. दोन्ही झाडून संपत नाहीत. विश्रांतवाडीत आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप हा उद्योग करतो. त्यातले हे नुसते पेरूचे.

पेरू म्हणजे दहा महिन्यांचा तांबूस कुत्रा. पेरूच्या हातगाडीखाली सापडला, म्हणून पेरू. दिसेल त्याला शेपूट हलवणारा. तो माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये होता आणि घरमालकांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. परत रस्त्यावर गेला असता तर हा ट्रकलासुद्धा शेपूट हलवत सामोरा गेला असता. मला त्याचीच भीती वाटायची.

* * *

पहिले आले ते कात्रजचे बंगलेवाले. त्यांना राखणदार हवा होता. म्हणाले, "टेस्ट घेऊ." ड्रायव्हरला तोंडाला रुमाल बांधून चोरासारखं आत यायला सांगितलं.

पेरू उठला, आत गेला आणि स्वतःचा पट्टा तोंडात धरून ड्रायव्हरपुढे येऊन उभा राहिला.

ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, ह्यो माझ्यासंगं यायला तयार हाय."

* * *

मग एक आयटीतलं जोडपं. "मिक्स ब्रीड म्हणजे एक्झॅक्टली कशाचं मिक्स?"

आमच्या ग्रुपच्या प्रमुख सुलभाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. फॉर्मवरून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "आई रस्त्यावरची. वडील कळवून गेले नाहीत."

* * *

एका बाईंनी नेला आणि पाचव्या दिवशी परत आणून दिला. चावला का? नाही. घाण केली? नाही.

"तो दूधवाल्याला बघूनही तेवढाच खूश होतो हो," बाई म्हणाल्या. "आमच्यासाठी स्पेशल असं काही नाहीच."

त्या गेल्यावर पेरू दोन दिवस दाराशी बसून होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या बाईंचा रागही आला.

* * *

मग केळकर काका आले. वय चौऱ्याहत्तर, एकटे, मुलगा कॅनडात. पेरूने त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली आणि काका तासभर पाय न हलवता बसले.

पण आमचा एक नियम आहे. सत्तरीपुढच्या माणसांना कुत्रा द्यायचा तर त्यांच्यानंतर तो सांभाळणाऱ्याची सही लागते.

"म्हणजे मी मरायची तयारी दाखवायची?" काकांनी विचारलं.

"हो," सुलभाताई म्हणाल्या.

"ठीक आहे."

पुढच्या रविवारी काका सही घेऊन आले. मोठ्या बहिणीची.

सुलभाताईंनी वय वाचलं. "आणि यांच्यानंतर?"

काकांनी पेरूला बागेत फिरवून आणलं, पट्टा खुंटीला लावला आणि गेले. त्या दिवशी मी सुलभाताईंशी भांडले. त्यांनी नियम सोडला नाही.

* * *

महिना संपायला दोन दिवस असताना काका पुन्हा आले. बरोबर साधारण त्यांच्याच मुलाच्या वयाचे एक गृहस्थ. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. एकमेकांकडे बघायला तयार नाहीत.

"मी बापट," गृहस्थ सुलभाताईंना म्हणाले. "फॉर्म द्या."

त्यांनी सगळा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यात लिहिलं, 'समोरचा फ्लॅट. नऊ वर्षं बोलत नाही.'

सुलभाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. "अहो, बोलतच नाही, तर यांना काही झालं हे तुम्हाला कळणार कसं?"

बापटांनी पेनाला टोपण लावलं.

"रोज सकाळी सहाला यांच्या दाराची कडी वाजते," ते म्हणाले. "ती वाजल्याशिवाय मी चहा ठेवत नाही."