वायरवाला भुंगेरा

किड्यांच्या मागं फिरणाऱ्या माणसांकडं रिसर्च पेपर कमी आणि किस्सेच जास्त साठतात! लॅबमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ते सांग की परत!" मग एकातनं एक निघत जातं.

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा भुंगेरा संध्याकाळी उडून जातो कुठं, हे आम्ही शोधतोय. त्याच्या पाठीवर इवलासा रेडिओ टॅग चिकटवायचा, आणि अँटेना घेऊन मागं फिरायचं. टॅग मोजून सहा. प्रोजेक्टच्या मॅडमनी बजावलंच होतं, "एक तरी जिवंत सापडला पाहिजे. नाहीतर प्रोजेक्ट बंद, आणि तुझी नोकरीपण!"

पहिल्याच दिवशी गोंदानं माझं बोट भुंगेऱ्याला चिकटलं. मी ओरडलो. मॅडम धावत आल्या. "अजिबात हलू नकोस! त्याचा पाय मोडेल!"

*

कागलजवळ अँटेना घेऊन उसात शिरलो, तर नव्या रस्त्यात जमीन जाणार म्हणून तापलेली चार माणसं बांधावर उभी. "रस्त्याचा सर्व्हे न्हवं? निघा!" मी घाबरत भुंगेरा दाखवला.

"आरं, किडा हाय व्हय! च्या टाका रं पावण्यास्नी!"

*

पण तो तिथंच सोडायचाय म्हटल्यावर परत राडा. "आमी मारतोय आन तुमी सोडताय?"

शेवटी एक आबा म्हणाले, "सोडू दे की! फकस्त बांधापलीकडं सोडा, चुलतभावाच्या रानात!"

*

एकदा सिग्नल डांबरी रस्त्यानं सुसाट निघाला. गाडी मागं घातली, तर पुढं दूधवाला. "काका, थांबा! तुमच्या पाठीवर भुंगेरा हाय!"

काकांनी तो झटकला आणि चपलेनं चिरडला. "थँक्यू बरं का!"

आधीचे चार रानात हरवलेच होते, आता पाचवा टॅगपण गेला.

*

सहाव्याचा सिग्नल गावातल्या एका आक्काच्या अंगणात मिळाला. तिथं दिवेलागणीला कडुलिंब हलवतात आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात बुडवतात. बादली गच्च भरलेली! मी वाकून त्यात वायर शोधायला लागलो.

"आक्का, ह्यात आमचा..."

"थांब की!" आक्कानं आतनं फडकं बांधलेली बरणी आणली. आत कडुलिंबाचा पाला, आणि पाठीवर वायर घेऊन चालणारा आमचा भुंगेरा! खोटं कशाला बोलू, मी रडलोच. फोनवर मॅडमपण "हुश्श!" म्हणाल्या.

आक्का मात्र बादलीकडं बघत हळूच म्हणाली, "पर लेकरा, ह्याची बायकू बुडवली बग. तिला वायर न्हवती!"