सोनेरी गोंड्याची दोरी

पडद्यांच्या दुकानात काल सोनेरी गोंड्याची दोरी हातात आली आणि तळ्याच्या मधोमध उभा असलेला तो महाल आठवला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीनं चोपड्याकडच्या केळीवाल्यांना राजस्थानात नेऊन त्या महालातल्या हॉटेलात उतरवलं होतं, आणि नवं लग्न म्हणून यांच्यासोबत मलाही जायला मिळालं. संगमरवरी जाळ्या, गुलाबपाण्याचा वास, पाऊल रुतेल असा गालिचा. मी हरखून गेले होते. यांचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. संध्याकाळी तळ्यावर वारा सुटला, नावा बंद झाल्या आणि हे खोलीत येरझाऱ्या घालू लागले. घरी बाग घडांनी वाकलेली होती. "आठे इतला वारा शे, तठे काय व्हयं व्हई?" असं तीनदा तरी म्हणाले. गावाला फोन लागेना. खाली चौकात शोभेची एक केळ कुंडीत झोकांड्या खात होती. यांनी पडद्याची अशीच गोंड्याची दोरी सोडली, खाली गेले आणि आपल्याकडे वादळाच्या भीतीनं घडाची केळ बांधतात तशी ती खांबाला आवळून बांधली. फेटेवाला नोकर नुसता बघत राहिला. सकाळी पहिल्या नावेनं आम्ही निघालो. घरी आलो तर निम्मी बाग आडवी झालेली. बांधावर उभं राहून हे महालातल्या त्या केळीबद्दल इतकंच बोलले, "ती कुंडीमानी तरी उभी व्हई." काल दुकानात मी त्या दोरीला दोन्ही हातांनी हिसका दिला. दुकानदार म्हणाला, "ताई, ती नुसती शोभेची आहे." मी आणखी एकदा ताणून बघितली.