त्या गावात खून होत नव्हते

‘तुझं काम हात लावायचं. बोलायचं न्हाई,’ पाटील म्हणाला.

मी मांगवाड्यातली सुईण. विहिरीतून बाईचं प्रेत काढलं की ते उघडून बघायला, कुशीवर वळवायला फौजदाराला बाई लागायची. मोठ्या घरच्या बायका शिवत नसत. मग मला हाक. एरवी त्या विहिरीच्या काठाला माझी सावलीही चालायची नाही. दोन वर्षांमागची, जर्मनची लढाई चालू असतानाची ही गोष्ट.

त्या दिवशी विहिरीतून काढलेली पोरगी म्हसवडकडची. बागायतदाराच्या घरात देऊन वर्षही झालं नव्हतं. मी ओलं लुगडं बाजूला केलं. गळ्यावर बोटं उमटली होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा.

मी म्हणाले, ‘आवं पाटील, हिचा गळा दाबलाय. बगा की.’

पाटलानं बघितलंच नाही. फौजदार बाजेवर बसून लिहीत होता, पाणी शेंदताना पाय घसरून मयत. लिहिता लिहिता म्हणाला, ‘फार गुणी गाव आहे तुमचं, पाटील. माझ्या वहीत या गावचा एकही खून नाही.’

पाटील हसला. प्रेताच्या उशाशी उभा राहून हसला.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. ती वही कोरी ठेवायला पंचनाम्याखालचा माझा अंगठा कामी आला होता. याच विहिरीतून आधी काढलेल्या दोघींच्या वेळी मी गुमान तो उठवला होता. त्यातल्या एकीचं बाळंतपण मीच केलं होतं.

पाटलानं माझं मनगट धरून अंगठा शाईत दाबला. ‘उठीव.’

मी हात हिसडून घेतला. शाई लुगड्याला पुसली.

‘न्हाई उठवत. घसरल्याली बाई मी बगितली न्हाई. मारल्याली बगितली.’

पायातली वहाण काढून त्यानं मला सगळ्या गावासमोर मारलं. मग माझ्या जावेला बोलावून तिचा अंगठा घेतला. तिला मी बोल लावत नाही, तिची पोरं लहान होती. वहीत पुन्हा पाय घसरला. खळ्यावरचं माझं बलुतं बंद झालं.

त्या बागायतदाराच्या घरात आता नवी सून आली आहे. तिला सहावा महिना आहे. उंब्रजपर्यंत दुसरी सुईण नाही, बोलावणं मलाच येणार. मी जाईन. पोरीला सुखरूप सोडवीन. आणि सासू-सासऱ्याच्या देखत तिला सांगेन, तुझ्या आधीच्या पोरीच्या गळ्यावर काय होतं ते.