चारच्या आत नॉर्मल

मी पदवीधर झालो तो आतोबांमुळे. माझ्या आत्याचे यजमान, एस.टी.चे ड्रायव्हर. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत त्यांनी स्वतःच्या मुलाशेजारी माझं अंथरूण घातलं आणि मला शिकवलं. तो मुलगा, माझा आतेभाऊ, आता बोरिवलीत औषधांचं दुकान चालवतो आणि तेवढ्यावर अख्ख्या कुटुंबाचा डॉक्टर झाला आहे.

आतोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून ग्रंथी काढली. त्यानंतर रक्तातलं पीएसए, म्हणजे त्या ग्रंथीतून येणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण, ०.१ च्या खाली होतं. यंदा ०.४ आलं. आतेभावाने रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला. शेजारी मर्यादा छापलेली, चारपर्यंत. "चारच्या आत! झकास!" लगेच अंगठे, जोडलेले हात, नाचणारी माकडं. पीएसए कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्यांनी अभिनंदन केलं. गावात पेढे वाटले. डॉक्टरांची ठरलेली वेळ या शहाण्याने रद्द केली.

मी फोन केला. "अरे, आकडा वाढलाय."

"पॉइंट तीनने? यार, तू बँकेत व्याज मोज ना!"

"डॉक्टरांना दाखवू तरी."

"ते बोलावणारच. दुकान आहे त्यांचं."

हे दुकानदाराने म्हणावं!

शेवटी दोन्ही रिपोर्ट घेऊन मीच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "ही मर्यादा ग्रंथी असलेल्या पुरुषांची. ग्रंथी काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्य हवं. पुन्हा तपासू. परत इतकंच आलं, तर पुढचे उपचार लवकर ठरवावे लागतील."

आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "पेढे वाटून झालेत रे. आता बाबांना काय तोंड दाखवू?"

बापाच्या जिवापेक्षा याला पेढ्यांची लाज मोठी. आतोबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं:

आतोबा,
पाया पडतो. पेढे मिळाले, पण आपण घाई केली. आकडा लहान दिसतो, तरी ऑपरेशन झालेल्या माणसासाठी तो जास्त आहे. आजार परत आलाय असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. पुन्हा रक्त तपासल्यावर कळेल. आला असला तरी उपचार आहेत, फक्त वेळेत जायला हवं. तुमचा मुलगा नॉर्मल म्हणतो. तो चुकतोय, आणि हे मी त्यालाही सांगितलंय. डॉक्टरांची वेळ पुन्हा घेतली आहे. शनिवारी न्यायला येतो. आत्यालाही तयार राहायला सांगा. उतरायला माझं मुलुंडचं घर आहे, बोरिवलीला जायची गरज नाही.