जे ठीक आहे त्याला दोरा

काहीही बिघडलं की फिटरकाका आधी खाली बसत. बाकीचे धावायचे, ओरडायचे, एकमेकांचा उद्धार करायचे, आणि हे पायजमा वर ओढून उकिडवे बसायचे, जणू बस यायला अजून वेळ आहे. मला त्याचा भयंकर राग यायचा. आमची मिल बंद पडली त्या सकाळीही तिन्ही पाळ्यांची माणसं रस्त्यावर होती आणि काका फाटकासमोर बसून नोटीस वाचत होते. मी पहिली ओळ वाचून घोषणा सुरू केल्या होत्या.

"पूर्ण वाचलीस का, लीडर?" त्यांनी विचारलं.

नव्हती वाचली. मिलच्या चाळीत मला 'लीडर' म्हणणारे बरेच होते, पण त्या शब्दात टोमणा आणि माया दोन्ही एकदम घालणारे तेवढेच.

मिलमध्ये लूम दुरुस्त करता करता त्यांना एक सवय लागली होती. खिशात निळ्या सुताचा गुंडा असायचा. लूम बंद पडला की ते एकेक भाग तपासत, आणि जो ठीक निघेल त्याला दोरा बांधत. बिघडलेल्याला नाही, ठीक असलेल्याला. आमचा स्टोव्ह पेटेना तेव्हा आईसमोर त्यांनी टाकीला, पंपाला आणि पायांनासुद्धा दोरे बांधले. आई म्हणाली, "भावजी, स्टोव्ह आहे, वडाचं झाड नाही." काका हसले नाहीत. "वहिनी, दोरा नाही तिथेच चूक आहे," म्हणाले आणि पिनेने बर्नर साफ करून दिला.

मी तेव्हा बीए करून संघर्ष समितीची पत्रकं लिहीत होते. उदारीकरणाचा बुरखा, भांडवलदारांचं कारस्थान, सगळं एका पानात, खाली चौदा मागण्या. काकांनी ते पत्रक चष्मा पुसून दोनदा वाचलं. "चांगलं आहे. यातली उद्या सकाळी सहाला लागणारी मागणी कोणती?" मी म्हटलं, सगळ्याच. आठवड्याभरात उत्तर आपोआप मिळालं.

चाळीत चाळीस खोल्या आणि दोन नळ, पाइप मिलच्या आवारातून आलेला. एका सकाळी नळ नुसते फुसफुसले. कॉर्पोरेशनमध्ये गेलो तर म्हणे चाळ मिलची आहे, मिलला विचारा. मिलच्या ऑफिसात गेलो तर म्हणे मिल बंद आहे, आम्ही काय करणार. खोल्या सोडा असं कुणी म्हणालं नाही. पाणी तोडलं की म्हणावं लागत नाही. जमीन रिकामी हवी होती त्यांना, आणि चाळीतल्या प्रत्येक बाईला हे पहिल्याच हंड्याला कळलं. हँडपंप पलीकडच्या मोहल्ल्यात. तिथे शिव्या खाऊन रांगेत उभं राहायचं. काकूंचे गुडघे आधीच गेलेले. घराघरात आता एकच बोलणं ऐकू यायचं: कुणाकडे जायचं, देवासला की खंडव्याला?

मी मोर्च्याची तारीख ठरवत होते. काकू माझ्यासमोर रिकामा हंडा आपटून म्हणाल्या, "तुझ्या क्रांतीला हा उचलता येतो का गं?"

काका मात्र नळाशी बसले, मग उठून पाइपच्या बाजूने चालू लागले. प्रत्येक जोड बघायचा, हात फिरवायचा, दोरा बांधायचा. मी मागून चिडचिडत चालले होते. "काका, हे सरळसरळ कारस्थान आहे!"

"असेल ना. पण ते कुठल्या जोडाला आहे ते बघू."

दोरे मिलच्या भिंतीशी संपले. आत चौकीदाराच्या खोलीजवळ व्हॉल्व्ह होता. चौकीदार आमच्यातलाच, कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडी खात्यातला जुना कामगार. मिल बंद झाल्यावर त्या एकट्याची नोकरी टिकली होती. व्हॉल्व्ह बंद कर असं त्याला ऑफिसातला कुणी बाबू तोंडी सांगून गेला होता. काकांनी त्याला एवढंच विचारलं, की बंदच ठेव असं लिहून दिलंय का?

त्याने एकदा फाटकाकडे बघितलं. "लिख के तो किसी ने नी दिया, फिटर भिया."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तासभर पाणी येऊ लागलं. जुना व्हॉल्व्ह गळायचा. ओल कुणाला दिसू नये म्हणून काकांनी सियागंजच्या बाजारातून वॉशर आणून बसवला. चाळीला बजावलं: भांडी वाजवायची नाहीत, बाहेर बोलायचं नाही. तोवर ते कॉर्पोरेशनकडून रस्त्यावरची वेगळी लाइन मिळवणार होते. रोज जायचे आणि खिडकीवर एकच प्रश्न विचारायचे: "साहेब, पुढचा कागद कोणता?" मिळालेला कागद त्याच निळ्या दोऱ्यात ओवायचे. पण चाळ पाणी भरताना श्वाससुद्धा जपून घ्यायची. एखादी बादली आपटली की सगळ्यांच्या माना मिलच्या भिंतीकडे वळायच्या.

मला ते लपूनछपून पाणी पिणं सहन होईना. आपल्या हक्काचं पाणी आणि चोरासारखं? मी पत्रक काढलं. 'चाळीने पाणी हिसकावलं!' त्यात चौकीदाराला वीर साथी म्हटलं, त्याचं नाव ठळक टाइपात छापलं, आणि राजवाड्यापासून सराफा बाजारापर्यंत स्वतः वाटलं. त्या संध्याकाळी मी फार खूश होते, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी मिलवाल्यांनी आवारातला पाइपच कापला. चौकीदाराला घरी पाठवलं. तेही तोंडीच, लिहून काही नाही.

मी काकांकडे गेले तेव्हा ते कोरड्या नळापाशी बसलेले होते. पाच-सहा बायका आजूबाजूला उभ्या होत्या. त्यांनी मला झापावं असं मला मनापासून वाटत होतं.

"बस," काका म्हणाले. मी बसले. "पहिलं काय?"

"मोर्चा," मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "टँकर?" पुन्हा तीच मान. "अर्ज, काका. अर्जाचं बघू."

"पहिलं त्याच्या घरी जायचं. मी येतो बरोबर. बोलायचं तू."

चौकीदाराच्या बायकोने आमच्यासाठी चहा टाकला. पाणी कुठून आणलं असेल, या विचाराने मी कप तसाच खाली ठेवला. मला माफी मागायची होती, पण मागताना रडू आलं आणि धड वाक्य झालं नाही. चौकीदाराने उशीखालून माझं पत्रक काढलं, नीट घडी घातलेलं. "बेटा, नाम तो बढ़िया छापा था. घरवाली ने मेरा नाम पहली बार छपा हुआ देखा."

दुसऱ्या दिवसापासून काका त्याच्या कामासाठी ओळखीच्या कारखान्यांच्या फाटकांवर फिरू लागले. सोबत मला घेऊन. उन्हाळा लागायच्या आत एका गोदामावर त्याचं जमलं. पगार निम्मा.

कॉर्पोरेशनच्या पाण्याला मात्र उशीर होत गेला. एकेका खोलीला कुलूप लागलं. भर उन्हाळ्यात काकूंना उठवेना, आणि काकांनीही सामान बांधलं, देवासला मुलीकडे जायला. इतरांना चाळीत टिकवायला धडपडणारा माणूस स्वतः टेम्पोत बसला. निघताना त्यांनी ओवलेले कागद माझ्या हातात दिले. "दोन राहिलेत. पुढचा कोणता, एवढंच विचारायचं. खिडकीवर भाषण नको."

भाषण केलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला नळ आला, उरलेल्या खोल्यांसाठी. मी काकांना पत्र टाकलं, चांगलं दोन पानी. उत्तर एका ओळीचं: 'जोड गळतोय का ते बघ.' मी बघितलं. गळत होता. पुढच्या थंडीत काका गेल्याचं कळलं.

मी अजून पत्रकं लिहिते, आणि राग तोच आहे. त्या जमिनीवर आता काचेची इमारत उभी राहतेय, तिच्याबद्दलही लिहिणार आहे. पण छापखान्यात द्यायच्या आधी मी खाली बसते आणि एकेक ओळ तपासते. हिच्यामुळे कुणाचं काय जाईल? ज्या ओळीने कुणाचं काही जात नाही, तिच्यापुढे निळ्या पेनाने खूण करते.

हा लेखही तसाच तपासला. चौकीदार अजून त्या गोदामावर आहे, म्हणून त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही.