बांडियापलीकडच्या शाळेतली बाई

आमचं लग्न झालं तेव्हा मी एटापल्लीच्या पुढे, बांडिया नदीपलीकडच्या एका माडिया आदिवासींच्या गावात मास्तर होतो. शाळा दोन शिक्षकांची, पण दुसरा शिक्षक तिथे टिकत नसे. माझी बायको ब्रह्मपुरीजवळ नोकरीला होती, आईच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. ती सोडून तिने माझ्या शाळेवर बदली मागितली. साहेबाने अर्ज पुन्हा पुन्हा वाचला म्हणे. इथे कोणी आपणहून येतं, हे त्याला खरं वाटेना.

तिच्या घरात शिकलेली ती पहिलीच. वडील लवकर गेले. आई लोकांच्या धानात रोवणीला जायची आणि संध्याकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय कोणाला जेवायला वाढायची नाही. त्या आईने तिला डी.एड. केलं होतं.

मला पाहून जी पोरं झाडांमागे पळायची, ती तिच्याकडे यायला लागली. ती शाळेच्या दारात उभी राहून त्यांच्या बोलीत म्हणायची, "वा, वा." म्हणजे ये. पावसाळा संपेपर्यंत ती बायांबरोबर माडियात भांडायलाही शिकली.

पुढच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या दवाखान्यात उजवा स्तन काढला. मग विजेचा शेक, मग इंजेक्शनं. तिचं वय तेव्हा पंचविशीच्या आतलं. केस गेले. डोक्याला रुमाल बांधून ती शाळेत परतली आणि पोरांना सांगितलं, उवा फार झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुली नदीवर डोकी घासून धुऊन आल्या.

उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितलं होतं. तिने त्यासाठी फळा निवडला. आधी फळ्याच्या तळाशी लिहायची, मग दर आठवड्याला थोडं वर. दुखलं की ओठ दाबून थांबायची, पोरांकडे पाठ करून. मला ते बघवायचं नाही. मी बाहेर जाऊन उगाच घंटा पुसत बसायचो.

मी काहीही धरू पाहत होतो. अहेरीच्या वैदूकडून मुळ्या आणल्या. सिरोंचाकडचा एक माणूस कसलीशी भुकटी देतो कळलं, तिकडेही गेलो. ती सगळं प्यायची. एकदा कडू काढा गिळून म्हणाली, "हे मी तुमच्यासाठी पेते. माह्यासाठी नाई."

महाशिवरात्रीला तिने मार्कंड्याच्या जत्रेला जायचं काढलं. मी म्हटलं, आपल्याला कुठे देवाला जायचंय?

"देवाले कोण म्हणते? मले पाळण्यात बसाचं आहे."

आकाशपाळण्यात बसलो. वर गेलं की वैनगंगेचं पात्र, वाळू, माणसंच माणसं दिसायची. ती खदखदून हसत होती. उतरलो आणि तिला खोकला लागला. तो थांबेना. परतीच्या बसमध्येही ती खोकत राहिली.

नागपूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडात धरून दाखवला. पुन्हा इंजेक्शनं द्यायची, पण खात्री नाही, म्हणाले. मी म्हटलं, नागपूरलाच खोली घेऊ. मी बिनपगारी रजा टाकतो. तिच्या पाया पडलो, अक्षरशः.

ती म्हणाली, "दवाखान्यात मी पेशंट असते. शाळेत मी बाई असते. मले तिथी राहू द्या."

जूनमध्ये शाळा उघडली. ती बसून शिकवायला लागली, मग भिंतीला टेकून. चौथीच्या पोरी तिच्या पायाशी बसून वाचायच्या. श्रावणात एका सकाळी तिला श्वास घेता येईना.

बांडिया दोन्ही तीरांवरून वाहत होती. गावातल्या माणसांनी तिला बाजेवर घालून काठापर्यंत नेलं. लाकडाचा डोंगा पाण्यात घालायचा म्हटलं तर नावाडी नकाराची मान हलवायचा. सागाच्या पानांचं छप्पर करून आम्ही तिथेच बसलो. मी काठावर जाऊन पाण्याला शिव्या देत होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

तिने मला जवळ बोलावलं. "पाण्यावर कायले वरडून राह्यले? त्याले ऐकू येते काय?"

माणसांनी मासे भाजले. सोबत आलेल्या एका म्हातारीने तिच्या तोंडात बारीक तुकडा घातला. तिने तो बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." म्हातारी हसली. मीही हसलो असेन.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. डोंग्यातून पलीकडे, मग जीप, मग नागपूर. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, घरी न्या. मी म्हटलं, पुन्हा एकदा तपासा. त्यांनी माझ्या समाधानासाठी पुन्हा तपासलं.

ब्रह्मपुरीला आईच्या घरी तिने अंथरूण धरलं. नात्यातले लोक अजून सांगतात, पोरगी हसत गेली. ते खरं नाही. शेवटी ती फार घाबरली होती. माझं मनगट घट्ट धरून ठेवायची. एका दुपारी म्हणाली, "मले जाचं नाई. तुमी काहीतरी करा ना."

मी काही करावं म्हणून तिने मागितलेली ती एकच गोष्ट. मी उठलो, चप्पल घातली आणि रस्त्यावर आलो. कुठे जायचं ते सुचेना. स्टँडपर्यंत गेलो, उभ्या असलेल्या बसच्या पाट्या वाचल्या आणि परत आलो. तिची आई तिला मांडीवर घेऊन बसली होती, लहान पोरीला घेतात तशी. धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या त्या दिवसांत ती गेली.

दिवाळीनंतर मी शाळेवर परतलो. पोरं नेहमीसारखी ओळीने बसली. बाई कधी येणार, असं कोणी विचारलं नाही. गावाला कळलं होतं. मी हजेरी घेतली, पाढे म्हणून घेतले. चौथीचं वाचन तिच्याकडे होतं. ते घ्यायला मला जमेना. पोरी पुस्तकं उघडून वाट पाहत राहिल्या.

साहेबाने स्वतःहून विचारलं, बदली हवी का? चंद्रपूरच्या जवळ देतो, म्हणाला. मी नको म्हटलं. त्याला वाटलं, तिचं काम पुढे न्यायला मी थांबलो. तसं नव्हतं. कुठेही गेलो तरी काय करायचं, ते मला कळत नव्हतं, इतकंच.