चोराने सही केली तो दिवस

थळच्या बँकेने हमरस्त्यावर नवी जागा घेतली, तिजोरी मात्र जुन्या इमारतीतच राहिली. ती हलवायला आलेल्या क्रेननेच म्हणे आजारपणाची रजा टाकली. या तिजोरीपायीच एका विनोदी दरोडापटाची मंडळी गावात उतरली.

चोरांना सामील झालेला रोखपाल म्हणून त्यांनी माझ्या काकांना निवडलं. काका त्याच बँकेतून निवृत्त झालेले मुख्य रोखपाल. काकूने ही बातमी मांडव्याच्या धक्क्यापर्यंत पोचवली. पुढे भरतीने ती मुंबईला नेली असणार.

काम एवढंच होतं, की मासळीवाल्याच्या वेषात बर्फाची पेटी घेऊन आलेल्या चोराला गुपचूप चावी द्यायची. काकांनी चावी काढली आणि टेबलावरची वही पुढे सरकवली.

"इथे सही करा."

"कट. काका, तो चोर आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"असेना. सहीशिवाय चावी सुटत नाही माझ्या हातून."

खरंच सुटत नव्हती. सात वेळा तेच. बोटं अशी वळलेली, की खेकड्याने पकड शिकायला काकांकडे शिकवणी लावावी. पेटीचा मालक दारातून म्हणाला, "बर्फ काय थांबत न्हाय, सायेब."

दिग्दर्शकाने कपाळ पुसलं. "आता शेवटचं. नाहीतर धक्क्यावरच्या तिकीटवाल्याला बोलवू."

काकूचा चेहरा उतरला. सगळ्या गावाला सांगून बसलेली. "अहो, सिनेमा आहे तो. देऊन टाका की."

"तुझ्या हातात तरी दिली का कधी?"

"नाही हो. उशाशी घेऊन झोपायचात."

आठव्यांदा चोराच्याच मनात काय आलं कोण जाणे. त्याने मुकाट्याने पेन उचललं आणि सही केली. काकांनी चष्मा सारखा केला. "हे कोंबडी चालून गेल्यासारखं झालंय. नीट करा. पुढे वेळही लिहा."

चोर बर्फाच्या पेटीवर बसला आणि त्याने शाळेतल्यासारखी सही केली. पुढे वेळ लिहिली. मग काकांची बोटं एकेक करून उघडली. थळच्या समुद्राला ओहोटी लागताना मी जन्मभर पाहिलीय, पण इतकं सावकाश, इतकं अटळ काही पाहिलं नव्हतं. साठ माणसं श्वास रोखून उभी. कट म्हणायचं भान कुणाला नव्हतं. दिग्दर्शकाने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला होता.

चोर तिजोरीकडे वळला.

"थांबा," काका म्हणाले. "एका चावीने उघडत नाही ती. दुसरी मॅनेजरसाहेबांकडे असते."

शेवटी तिकीटवाल्याला बोलावलंच. मॅनेजर म्हणून. आल्याआल्या काकांनी त्याला सहीची जागा दाखवली.